सहा मिनिटं आणि अठ्ठेचाळीस तास

घरात एखाद्या जुन्या चित्रपटाची व्हीएचएस कॅसेट पडून असेल आणि ती चालवणारं यंत्रही शाबूत असेल, तर एक प्रयोग करून बघा. गाणं लागलं की पेटी घेऊन बसा आणि सूर शोधा. थिएटरमध्ये जे गाणं काळी एकमध्ये वाजायचं ते कॅसेटवर काळी एकमध्ये सापडत नाही आणि पांढरी दोनमध्येही बसत नाही. पांढरी दोनच्या जरासं अलीकडे ते कुठेतरी लटकत असतं. पेटीवाला म्हणतो टेप बिघडली, टेपवाला म्हणतो पेटी उतरली. दोघांचाही दोष नाही. चित्रपटच पळतोय.

कारण साधं आहे. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांच्या वेगाने घेतला आणि दाखवला जातो. आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारता 50 हर्ट्झ, म्हणून भारताने घेतलेली पाल ही टीव्हीची पद्धत सेकंदाला 25 चित्रं दाखवते. मग 24 चं 25 कसं करायचं? युरोपातल्या आणि आपल्या मंडळींनी सगळ्यात स्वस्त तोडगा काढला: चित्रपट सरळ 25 च्या वेगाने सोडायचा. वेग चार टक्क्यांनी वाढतो, डोळ्यांना कळत नाही, आवाज मात्र पाऊण अर्ध्या-सुराच्या आसपास चढतो आणि अडीच तासांचा चित्रपट 144 मिनिटांत उरकतो. म्हणजे सहा मिनिटं गेली, आणि एकही दृश्य कापलेलं नाही.

अमेरिकेत याच्या उलट घडलं. तिथली वीज 60 हर्ट्झची, पण 1953 मध्ये रंगीत टीव्ही आणताना रंगाचा संकेत आणि आवाजाचा संकेत एकमेकांत घुसू नयेत म्हणून सेकंदाला 30 चित्रांचा वेग किंचित खाली, 29.97 वर आणला गेला. तिथे 24 ची 30 करायला काही चित्रं जरा जास्त वेळ दाखवतात, त्यामुळे चित्रपट पळवावा लागत नाही, उलट हजारात एका हिश्श्याने मंदावतो. आपल्याकडे सहा मिनिटं आखडलेला तोच चित्रपट न्यू जर्सीत नऊ सेकंदांनी लांबतो. इकडून लग्नाची कॅसेट पाठवावी आणि तिकडच्या यंत्रात ती चालूच नये, मग दोन्हीकडच्या पद्धती चालवणारा 'मल्टिसिस्टिम' व्हीसीआर असलेला कोणीतरी शोधत फिरावं, हे परदेशातल्या कित्येक मराठी घरांनी भोगलं, ते याच भानगडीमुळे.

आता कोणी म्हणेल, सहा मिनिटांसाठी एवढं रडगाणं कशाला? सहा मिनिटांसाठी रडण्यात मलाही रस नाही. माझा मुद्दा असा की घरी सिनेमा बघण्याच्या पन्नासेक वर्षांच्या इतिहासात खरा तंटा नेहमी वेळेवरूनच झाला आहे. चित्र किती स्वच्छ, पडदा केवढा, आवाज किती कर्ण्यांतून येतो यावर आम्ही हौशी लोक रात्र रात्र वाद घालतो. पण घड्याळ कुणाच्या ताब्यात आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. व्हीसीआरने ते प्रेक्षकाच्या हातात दिलं होतं. आता ते काढून घेतलं जातंय, आणि ते परत मिळवण्यासाठी कायदा बदलायला हवा.

थिएटरात गेलेल्या प्रत्येकाने सेन्सॉरचं प्रमाणपत्र पाहिलेलं आहे. पडदा उजळताच ते येतं आणि लोक खुर्च्या शोधेपर्यंत जातं. जुन्या प्रमाणपत्रांवर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये आणि रिळांच्या संख्येत लिहिलेली असायची. मिनिटं त्यावर नसत. मला ही नोंद फार आवडते, कारण ती घड्याळावर अवलंबून नाही. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 27.4 मीटर धावते. प्रमाणपत्रावर 4115 मीटर असतील तर चित्रपट 150 मिनिटांचा. घरची प्रत 144 मिनिटांची निघाली तर ती पळवलेली, आणि 130 ची निघाली तर तिला कात्री लागलेली. हा हिशेब कागदाच्या कपट्यावर मांडता येतो आणि त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

मूकपटांच्या बाबतीत तर हा हिशेबच तेवढा उरतो. दादासाहेब फाळक्यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' सुमारे 3700 फुटांचा होता असं नोंदलेलं आहे. आजच्या 24 च्या वेगाने तो 41 मिनिटांत संपतो. पण तो काळ हाताने मूठ फिरवून यंत्र चालवण्याचा. 16 च्या वेगाने दाखवला तर तोच चित्रपट तासाभराच्या वर जातो. मग तो किती मिनिटांचा म्हणायचा? बोलपट आले, आवाज स्थिर राहायला वेगही स्थिर हवा झाला, आणि 1927 च्या सुमारास 24 हा आकडा ठरला. त्यानंतर कित्येक मूकपट सरसकट त्याच वेगाने दाखवले गेले आणि त्यांतली माणसं तुरुतुरु पळताना दिसू लागली. मूकपट म्हणजे विनोदी धावपळ असा समज पिढ्यान्‌पिढ्या रुजला. श्मशानात उभा असलेला राजा घाईत दिसत असेल, तर त्यात फाळक्यांचा काय दोष?

व्हीसीआरकडे येऊ. जेव्हीसीचा व्हीएचएस 1976 चा, त्याआधी वर्षभर सोनीचा बेटामॅक्स. चित्र बेटामॅक्सचं बरं होतं असं आजही शपथेवर सांगणारे भेटतात. पण सुरुवातीच्या बेटामॅक्स कॅसेटवर तासाभराचंच चित्रण मावायचं, व्हीएचएसवर दोन तासांचं. एक पूर्ण चित्रपट मावण्याला लोकांनी महत्त्व दिलं. पुढे आपल्याकडे आली ती ई-180, म्हणजे तीन तासांची. हिंदी चित्रपटाची ऐसपैस लांबी आणि ही कॅसेट यांचं गणित छान जुळलं, आणि त्यात त्या चार टक्क्यांच्या वेगाने गुपचूप हातभार लावला: थिएटरातला तीन तास सात मिनिटांचा चित्रपट 25 च्या वेगाने बरोबर तीन तासांच्या टेपवर बसतो.

1982 च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ भाड्याचा व्हीसीआर. गल्लीत वर्गणी निघायची, अनामत भरायची, संध्याकाळी दुकानातला पोऱ्या सायकलच्या कॅरियरला बांधून यंत्र आणायचा. वायर लावायची, स्पिरिटने हेड पुसायचं, चित्र फाटलं की ट्रॅकिंगचा खटका फिरवत बसायचं, आणि रात्रभरात तीन पिक्चर हाणायचे. सकाळी यंत्र परत. म्हणजे घड्याळ तेव्हाही होतं, दुकानदाराचं होतं. पण त्या एका रात्रीच्या आत राज्य प्रेक्षकांचं. मारामारी पुढे ढकला, गाणं पुन्हा लावा, आजी देवघरात गेली की थांबवा, ती आली की सुरू करा. सिनेमा पहिल्यांदाच माणसासाठी थांबला. याआधी माणूसच सिनेमासाठी धावत यायचा, पाट्या चुकल्या तर चुकल्या.

यंत्राच्या तोंडावरचं घड्याळ मात्र बहुतेक घरांत कायम चुकीचं. 12:00, 12:00, 12:00 असं मिचकावत बसलेलं. जगभर यावर विनोद झाले की लोकांना घड्याळ लावता येत नाही. महाराष्ट्रात तो विनोद अर्धाच लागू होता. घड्याळ लावायचं कुणासाठी? सकाळी लावावं तर दुपारी लोडशेडिंग. शिवाय ज्या घड्याळांचा ठोका विजेच्या वारंवारतेवर चालतो, त्यांच्या नशिबी आपल्या तारेतली वीज होती. संध्याकाळी मागणी वाढली की ग्रिडची वारंवारता 50 वरून 49 वर, कधी त्याहीखाली घसरायची. 49 ला असं घड्याळ तासाला 72 सेकंद मागे पडतं. 2002 च्या सुमारास वारंवारतेनुसार दर लावणारी पद्धत आली, तेव्हा कुठे ग्रिड जरा शिस्तीत आलं. आपणच गबाळे होतो असं समजू नका. 2018 च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोव्होच्या भांडणात ग्रिडला वीज कमी पडली आणि युरोपभरातल्या ओव्हनवरची, रेडिओवरची घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली.

तरीही त्या मिचकावणाऱ्या घड्याळात एक मोठी गोष्ट दडलेली होती: टायमर. अमुक वाजता सुरू हो, अमुक चॅनेल मुद्रित कर, मी कामावरून आल्यावर बघीन. हॉलिवूडला हे इतकं खुपलं की युनिव्हर्सल आणि डिस्ने 1976 मध्ये सोनीविरुद्ध न्यायालयात गेले. निकाल लागायला 1984 उजाडलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मताने ठरवलं की कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी मुद्रित करणं बेकायदा नाही. त्या खटल्यात लहान मुलांच्या कार्यक्रमाचे लाडके सूत्रधार फ्रेड रॉजर्स यांनी साक्ष दिली होती की कुटुंबांनी माझा कार्यक्रम आपापल्या सोयीच्या वेळी बघितला तर मला आनंदच आहे. आपल्या कार्यक्रमाचं घड्याळ प्रेक्षकांच्या हाती द्यायला हा माणूस खुशीने तयार होता. गंमत म्हणजे ज्या यंत्राला हॉलिवूड घाबरत होतं, त्याच्याच कॅसेटवर पुढे त्याने बक्कळ पैसा कमावला.

व्हीसीडीबद्दल फार लिहीत नाही. 74 मिनिटांची तबकडी, त्यामुळे चित्रपट दोन किंवा तीन तुकड्यांत आणि मध्यंतर दिग्दर्शकाने ठेवलेल्या जागी न येता तबकडी संपेल तिथे. नायिका वळून बघते आणि खर्रर्र, 'डिस्क दोन टाका'. चित्र बेतास बात. पण मोझर बेअर या कंपनीने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी विकायला काढली तेव्हा फूटपाथवरच्या चोरट्या प्रतीपेक्षा अस्सल माल परवडू लागला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. चोरीवर इतका परिणामकारक उपाय नंतर कुणी केल्याचं मला तरी आठवत नाही.

मग ब्लू-रे आली आणि ती सहा मिनिटं परत मिळाली. ही तबकडी सेकंदाला 24 चित्रं जशीच्या तशी साठवते आणि सोबतचा टीव्ही त्याच तालावर चालला की घरातलं घड्याळ पहिल्यांदाच थिएटरच्या घड्याळाशी जुळतं. गाणं मूळ सुरात वाजतं. आम्हा चार वेड्यांखेरीज याचा आनंद कुणाला झाला नाही, आणि तो टिकलाही नाही. फुनाई या जपानी कंपनीने 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं, 2018 मध्ये ओप्पोने आपले नावाजलेले प्लेअर थांबवले, 2019 मध्ये सॅमसंगने ब्लू-रे प्लेअरमधून अंग काढलं. भारतात तर ब्लू-रे धड रुजलीच नाही. पाचशे-हजाराची तबकडी कोण घेतो, जेव्हा महिन्याच्या रिचार्जबरोबर अख्खं ॲप फुकट मिळतं?

हा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. स्ट्रीमिंगमुळे गडचिरोलीतल्या मुलाला जे जागतिक चित्रपट आज दिसतात ते मला त्याच्या वयात पुण्या-मुंबईतही दुर्मीळ होते. वेगही आता बहुतेक ठिकाणी बरोबर असतो. यूट्यूबवरचे जुने मराठी चित्रपट तेवढे अपवाद. त्यांतल्या अनेक प्रती उघड उघड टेपवरून किंवा व्हीसीडीवरून उतरवलेल्या, त्यामुळे अजून 25 च्या वेगाने पळणाऱ्या. पण त्या आहेत, हेही काही कमी नाही.

तक्रार दुसरीच आहे. घरातलं 12:00 वालं घड्याळ बावळट होतं, पण ते आपलं होतं. आता घड्याळ सर्व्हरवर आहे, अणुघड्याळाशी जुळवलेलं, सेकंदाचीही चूक न करणारं, आणि ते आपल्यावर पहारा देतं. भाड्याने घेतलेला चित्रपट सुरू केला की साधारण 48 तास. डाउनलोड केलेली फाइल ठरल्या दिवशी आपोआप मरते. भाड्याला मुदत असणार, हे ठीकच आहे, व्हीसीआरवाल्याचीही होती. पण 'विकत घ्या' असं लिहिलेलं बटण दाबून घेतलेल्या वस्तूला मुदत कसली? मी एका ॲपवर पूर्ण किमतीला घेतलेला एक चित्रपट काही काळाने 'तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही' होऊन बसला. प्रदेश तोच, मी तोच. माझ्यासारखे खंडीभर आहेत. 2023 च्या डिसेंबरात प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं गेलं की तुम्ही विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम आता काढून टाकले जातील. बोंबाबोंब झाली आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला.

लहानसहान अतिक्रमणं तर रोजचीच. चित्रपट संपला की श्रेयनामावली सुरू होते न होते तोच ती टिकलीएवढी होते आणि पुढच्या कार्यक्रमाची उलटी गणती सुरू. प्रकाशयोजनेच्या सहायकापासून स्पॉटबॉयपर्यंत लोकांनी महिनोन्‌महिने केलेल्या कामाला चित्रपटात ती दोन-चार मिनिटंच काय ती दिलेली असतात. तीही पाच सेकंदांत गुंडाळली जातात. नव्या टीव्हीत आणखी एक आगाऊपणा: दोन चित्रांच्या मध्ये यंत्र स्वतःच्या मनाने तिसरं चित्र रचतं आणि करोडोंचा चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. ही सोय कारखान्यातून सुरू करूनच पाठवतात. नवा टीव्ही घेतलात तर आधी ती शोधून बंद करा. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव ठेवलंय, त्यामुळे थोडी शोधाशोध करावी लागेल. आणि क्रिकेट! शेजारच्या घरात केबल, आपल्याकडे ॲप. भिंतीपलीकडून 'आऽऊट'चा कल्ला होतो आणि आपल्याकडे गोलंदाज अजून धावायला सुरुवात करतोय.

वेग बदलण्यावरून मात्र माझं मत सिनेमावाल्यांपेक्षा वेगळं आहे. नेटफ्लिक्सने 2019 मध्ये दीडपट वेगाने बघण्याची सोय तपासायला घेतली तेव्हा हॉलिवूडचे दिग्दर्शक खवळले. आमच्या कलाकृतीची लय बिघडते, हा त्यांचा आक्षेप. अंधांच्या आणि कर्णबधिरांच्या संघटनांनी मात्र तिचं स्वागत केलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सुसाट वेगाने ऐकणाऱ्या अंध माणसाला साध्या वेगाचा संवाद रटाळ वाटू शकतो, आणि सबटायटल्स वाचणाऱ्याला संथ वेग हवासा वाटू शकतो. मी स्वतः चित्रपट दीडपटीने बघणार नाही आणि बघणाऱ्याला मनात नावंही ठेवीन. पण वेग बघणाऱ्याने बदलला तर तो त्याचा कारभार. 25 चा वेग मला खटकतो तो यासाठी की तो कुणीतरी परस्पर ठरवला आणि वेष्टणावर त्याचा उल्लेखही केला नाही.

हे नुसतं हौशी माणसाचं किरकिरणं नाही, कारण आपल्या कायद्यात यासाठी जागा आहे. आपला कॉपीराइट कायदा कलम 52 मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीचा रास्त व्यवहार उल्लंघन मानत नाही, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर त्यात चित्रपटही येतात. त्याच दुरुस्तीने आलेलं कलम 65अ नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण हक्कांचं उल्लंघन करण्याचा हेतू असेल तरच. याबाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा कितीतरी समंजस आहे. अडचण अशी की हक्क कागदावर आहे आणि तो बजावायला वस्तूच हातात नाही. तबकडी होती तेव्हा या कलमाला अर्थ होता.

म्हणून पहिली मागणी बटणाची. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून नियम लागू झालाय की जे कधीही काढून घेतलं जाऊ शकतं त्याला 'विकत घ्या' म्हणायचं असेल, तर हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागेल. आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये ॲप-संकेतस्थळांवरच्या ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरुद्ध ('डार्क पॅटर्न') मार्गदर्शक सूचना काढल्या, तेरा प्रकारांची यादी दिली. त्या यादीत चौदावा प्रकार घालायला संसदेचं अधिवेशन लागणार नाही. मी तर आणखी एक पाऊल पुढे जाईन: 'विकत' म्हणून पैसे घेतले असतील तर कुलूप नसलेली फाइल द्या, किंवा चित्रपट काढून टाकताना पैसे परत करा.

दुसरी मागणी नोंदीची. प्रत्येक ॲपवर प्रत्येक चित्रपटाखाली तीन गोष्टी लिहा: प्रमाणपत्रावरची लांबी, इथे दाखवतो आहोत त्या प्रतीची लांबी, आणि ती कोणत्या वेगाने चालते. गुपचूप कापलेलं दृश्य, बदललेला संवाद, पळवलेली प्रत, सगळं त्या एका ओळीत उघडं पडेल. कंपन्यांकडे ही माहिती आधीपासूनच असते, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही. शिवाय पुस्तकांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयांत जमा करण्याचा कायदा आपण 1954 मध्ये केला. थेट ॲपवर येणाऱ्या चित्रपट-मालिकांना तसाच नियम लावा आणि पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात प्रत जमा करायला सांगा. 2003 च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म्स जळून गेल्या. त्या निदान जळताना दिसल्या तरी. सर्व्हरवरून काढून टाकलेल्या मालिकेचा धूरही दिसत नाही.

निर्माते म्हणतील, कुलूप काढलं की चोरी वाढेल. चोरांकडे आजही प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी प्रत असते आणि तिला कोणतंही कुलूप नसतं. कुलूप फक्त पैसे देणाऱ्याच्या दाराला लागतं. संगीताच्या धंद्याने हे 2009 च्या आसपासच मान्य केलं, ॲपलच्या दुकानातली गाणी बिनकुलपाची झाली आणि तो धंदा काही बुडाला नाही. चित्रपटवाल्यांना हे पटायला आणखी वेळ लागेल. तोवर जुन्या बाजारात किलोवर विकल्या जाणाऱ्या तबकड्या आणि त्या चालवणारं एखादं बरं यंत्र हाती लागत असेल तर घेऊन ठेवा. लेन्स साफ करून घ्या आणि रिमोट असल्याची खात्री करा. रिमोटशिवाय ही यंत्रं जवळपास निरुपयोगी असतात आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाही.